बासणखेडीचं एक मिनिट

शुक्रवारी संध्याकाळी सुभेदार धोंडीराम दिल्लीतल्या द्वारकेच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर आले, तेव्हा सूर्यकांतराव मणेरीकर सफारी सूटला इस्त्री करत होते. भिंतीवरची एक फ्रेम काढून त्यांनी सोफ्यावर टॉवेलात गुंडाळून ठेवली होती.

"कुणाच्या लग्नाला?" सुभेदारांनी विचारलं.

"लग्न कसलं? उद्या बासणखेडीला जायचंय ना."

"खेड्यात चाललोय राव आपण. तिथं तुमची इस्त्री म्हशी बघणार."

"सुभेदार, ते माझं स्टेशन आहे. पहिल्यांदा जातोय. पायजम्यावर जाऊ?"

सुभेदारांनी वाद घातला नाही. मुळात ही सहल त्यांनीच काढली होती. फौजेतून निवृत्त होऊन ते दिल्लीतच, त्याच सोसायटीत मुलाकडे राहिले होते. रोज सकाळी पार्कात फिरताना सूर्यकांतराव त्यांना त्या स्टेशनबद्दल सांगायचे. शेवटी एक दिवस सुभेदार म्हणाले, "एकदा दाखवा तरी. नाहीतर यापुढं त्याचं नाव काढू नका."

सूर्यकांतरावांची छत्तीस वर्षं गाड्यांच्या वेळापत्रकाचं काम बघणाऱ्या एका सरकारी शाखेत गेली होती. एवढ्या वर्षांत बोट दाखवून 'हे मी केलं' म्हणता येईल अशी एकच गोष्ट त्यांच्या हातून झाली होती. हरियाणाच्या टोकाला रुळाच्या कडेला बासणखेडी नावाचं गाव होतं. गाडी गावाला वारा घालून निघून जायची. सूर्यकांतरावांनी टिपण लिहिलं, ते वर गेलं, सही झाली आणि सकाळच्या पॅसेंजरला तिथे एक मिनिटाचा थांबा मिळाला. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

त्या आदेशाची झेरॉक्स मीनाक्षीने, त्यांच्या बायकोने, फ्रेम करून घेतली. लोकांच्या घरी देव असतात, काश्मीरचा देखावा असतो. मणेरीकरांच्या घरी सरकारी आदेश होता. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बायका हळदीकुंकवाला आल्या, तरी कुंकू लावायच्या आधी मीनाक्षी त्यांना फ्रेमसमोर उभं करायची. "ह्यांचं स्टेशन," ती म्हणायची. "गाव नुसतं बघत बसायचं हो, गाडी थांबायचीच नाही. ह्यांनी थांबवली."

निवृत्तीनंतर दोघांनी जाऊन स्टेशन बघायचं ठरवलं होतं. आधी फ्लॅटचं काम निघालं, मग तिचं आजारपण निघालं. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. आता ती फ्रेम बासणखेडीच्या स्टेशनात नेऊन लावायची, असं सूर्यकांतरावांनी ठरवलं होतं. तिने जन्मभर जे सांगितलं, ते जिथलं तिथे पोचवायचं.

शनिवारी सकाळी दिल्ली कँटला दोघे गाडीत चढले. दूध शहरात घालून रिकामे कॅन घेऊन परतणाऱ्या गवळ्यांनी डबा भरलेला होता. सूर्यकांतरावांनी गुडघ्यांवर फ्रेम उभी धरली आणि पालम यायच्या आत समोरच्या चौघांना आपण कोण ते सांगून टाकलं.

"बासणखेडी?" एक गवळी म्हणाला. "बढ़िया गाँव है, बाबूजी. उतर तो आप आराम से जाओगे."

बाकीचे तिघे खिडकीबाहेर बघून हसले.

"पाहिलंत?" सूर्यकांतराव म्हणाले. "आराम म्हणतोय."

"तो 'उतर तो' म्हणाला," सुभेदार म्हणाले. "त्या 'तो'मध्ये काहीतरी आहे."

"सुभेदार, ही सीमा नाही. प्रत्येक शब्दामागे शत्रू शोधू नका."

साडेअकराला गाडीचा वेग कमी झाला. सूर्यकांतरावांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. गाडी थांबली. फलाट इतका बुटका होता की सुभेदारांनी आधी उडी मारली, मग फ्रेम उतरवली आणि मग सफारी सूट उतरवला. गाडी हलली तसे सूर्यकांतराव ओरडले, "अठ्ठावन्न सेकंद!"

"मग दोन सेकंद परत मागायची का?"

पण सूर्यकांतरावांचं लक्ष नव्हतं. पत्र्याची शेड, एक बाक, तिकिटाची खिडकी आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव. ते पाटीपाशी गेले, तिच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

शेडमध्ये एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. ते गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर, हरफूलसिंग. सुभेदारांनी त्यांना गाठून परेडच्या आवाजात सांगितलं, "मास्टरजी, ये वो साहब हैं जिन्होंने आपके गाँव को गाड़ी दी."

मास्तरांनी पेपराची घडी घातली. सूर्यकांतरावांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गाड़ी आपने दी?"

"टिपण माझं होतं. म्हणजे, नोट मेरा था," सूर्यकांतराव विनयाने म्हणाले.

"आप चलो गाँव में," मास्तर म्हणाले. "सबको मिलना है आपसे. बहुत साल से मिलना है."

सूर्यकांतरावांनी सुभेदारांकडे बघितलं. त्या नजरेत छत्तीस वर्षांची नोकरी होती.

चौपालात, म्हणजे गावच्या चावडीवर, खाटा टाकल्या गेल्या. पितळी पेल्यांतून ताक आलं. अर्ध्या तासात साठ-सत्तर माणसं जमली. सूर्यकांतरावांनी मराठी वळणाच्या हिंदीत छोटं भाषण केलं आणि शेवटी फ्रेम उघडून मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी चष्मा लावून आदेश मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर काच पुसून पुन्हा वाचला, या वेळी मनात.

"साब, एक बात पूछूँ? बुरा मत मानना. आने की गाड़ी तो दी. जाने की क्यों नहीं दी?"

सूर्यकांतराव हसले. "दी है, मास्टरजी. जो गाड़ी सुबह आती है, वही दोपहर को दिल्ली वापस जाती है. तीन चालीस को यहाँ रुकती है."

"रुकती है?"

"बिल्कुल. एक मिनिट."

जमलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. पाहुण्याला तोंडावर खोटं पाडायची त्या गावात पद्धत नव्हती.

साडेतीनला सगळं गाव फलाटावर गेलं. एक म्हातारी काठी टेकत आली. मास्तरांनी तर खांद्याला पिशवी अडकवली होती; गाडी थांबलीच तर दिल्लीला जाऊन येतो, म्हणाले. सूर्यकांतराव फलाटाच्या टोकाला उभे राहिले. लांबून इंजिन दिसलं तसा त्यांनी गाडी थांबवायला ऑफिसर करतो तसा हात वर केला. ड्रायव्हरला वाटलं, कोणी भला माणूस रामराम करतोय. त्याने खिडकीतून हात हलवला, लांब शिट्टी दिली आणि अकरा डबे धडाधड निघून गेले. धुरळा खाली बसला तेव्हा सफारी सूटचा रंग बदललेला होता.

"ड्रायव्हर चुकला," सूर्यकांतराव म्हणाले. "मी सोमवारी कळवतो."

"रोज चुकता है," मास्तर म्हणाले. "अट्ठाईस साल से."

मग मास्तरांनी ती फ्रेम पुढे धरली आणि आदेशातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. गाडीचा नंबर. एकच नंबर. जाणाऱ्या गाडीला एक नंबर असतो, त्याच गाडीला परत येताना दुसरा असतो, हे सूर्यकांतरावांना झोपेतही माहीत होतं. त्या ओळीत दुसरा नंबर नव्हता. अठ्ठावीस वर्षं फ्रेम भिंतीवर होती, हजार माणसांनी ती बघितली होती. वाचली कोणीच नव्हती. भिंतीवर टांगलेलं कोण वाचतं?

म्हणजे या गावात दिल्लीहून माणूस थेट घरी यायचा. पण दिल्लीला जायचं तर नऊ किलोमीटरवरच्या मोठ्या स्टेशनापर्यंत चालत, सायकलवर, नाहीतर ट्रॅक्टरवर.

"अहो, मग तुम्ही अर्ज का नाही केला?" धक्क्याने सूर्यकांतराव मराठीत बोलले आणि मग हिंदीत.

"किया," मास्तर म्हणाले. "ग्यारह बार."

त्यांनी घरून पत्र्याची पेटी आणवली. अकरा अर्जांच्या नकला आणि अकरा उत्तरं तारखेप्रमाणे लावलेली होती. उत्तर प्रत्येक वेळी एकच: 'उक्त स्थान पर ठहराव पूर्व से स्वीकृत है. प्रकरण समाप्त.' खाली सही. सहीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

ती शेपटी सुभेदारांनी ओळखली. सोसायटीच्या वर्गणीच्या पावतीवर ती दर महिन्याला त्यांच्या घरी यायची.

सूर्यकांतरावांना एकेक पत्र आठवलं. त्यांच्या टेबलावर कागद कधी रात्रभर राहिला नव्हता, हा त्यांचा लौकिक होता. विषय वाचायचा, रजिस्टर बघायचं, निकाल लावायचा. विषय होता 'बासणखेडी येथे थांबा मिळणेबाबत', रजिस्टरात लिहिलं होतं 'थांबा आहे'. झालं. सगळा अर्ज वाचत बसलं तर निकाल कधी लावायचा? त्या दिवशी घरी गेल्यावर ते मीनाक्षीला सांगायचे, "आज पुन्हा माझ्या गावाचं पत्र आलं."

"काय म्हणतायत?"

"थांबा द्या म्हणतात. मी कळवलं, दिलेला आहे."

"बिचाऱ्यांना आपल्याकडे काय आहे तेही माहीत नसतं," मीनाक्षी म्हणायची आणि पोळी वाढायची.

"ये बाबू कौन था, साब?" मास्तर विचारत होते. "आपके दफ़्तर का है. नाम नहीं पढ़ा जाता. हमने तो इस दस्तख़त का नाम 'पूँछवाला' रखा है. बीस साल से गाली देते हैं उसको. मिले तो बताना."

सुभेदारांनी सूर्यकांतरावांचा हात दाबला आणि हळूच म्हणाले, "गप राहा. बदली झाली म्हणा त्याची. मेला म्हणा. परत यायचं नाहीये आपल्याला इथं."

"आणि मीनाक्षी?"

"वहिनींचा काय संबंध?"

"ती आयुष्यभर सांगत राहिली, ह्यांनी गाडी थांबवली. मी खोटं बोलून इथून गेलो, तर ती खोटी ठरते. मी तरी घरात बसून तिच्या फोटोकडे कसं बघू?"

"खरं बोललात तर मी बघतो तुमच्याकडं. हॉस्पिटलात."

सूर्यकांतरावांनी सफारीच्या बाह्या झटकल्या आणि उभे राहिले. "मास्टरजी, ये दस्तख़त मेरा है. ग्यारह के ग्यारह. और वो नंबर भी मैंने ही छोड़ा."

फलाटावर अशी शांतता पसरली की तिकिटाच्या खिडकीतला माणूस काय झालं ते बघायला बाहेर आला. सुभेदार एक पाऊल पुढे होऊन उभे राहिले. सवयीने त्यांनी माणसं मोजली आणि मोजणी अर्ध्यात सोडली.

काठीवाली म्हातारी पुढे आली. तिला सगळे धापादादी म्हणत होते. "क्यों छोड्या, बेटा?"

सूर्यकांतरावांना आठवलं. खरं तर ते कधी विसरलेच नव्हते, फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. "माँजी, नोट लिख रहा था. साढ़े चार बजे हॉस्पिटल से फोन आया. मेरी बेटी हुई थी. मैंने आधा लिखा और भागा. दुसरे दिन लगा, पूरा लिखा था."

"छोरी होई थी?"

"हाँ."

"छोरी की खातिर भाज्या?"

"हाँ."

दादीने मागे वळून गावाकडे पाहिलं. "सुणो! छोरी होण पै दफ़्तर छोड़ कै भाज्या यो आदमी. म्हारे आले तो खेत में तै भी ना आए थे." नवऱ्यांचा विषय निघताच मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या आणि पुरुष इकडेतिकडे बघू लागले. मग दादी सूर्यकांतरावांना म्हणाली, "मेरी तीन बहू इसी गाड़ी तै उतरी सैं. फौज तै मेरे बेटे छुट्टी पै आए, सीधे घर. आधा काम तन्नै अच्छा करया सै. गाळी आधे की थी. इब आधा और कर, अर रोटी खा."

रोटी खाताना मास्तर सूर्यकांतरावांच्या शेजारी बसले. अवघडून रोटीचे तुकडे करत राहिले. मग म्हणाले, "पूँछवाला नाम मेरा ही दिया हुआ है, साब."

"नाम अच्छा है," सूर्यकांतराव म्हणाले.

रविवारी सकाळी चौपालात टेबल मांडून बारावा अर्ज लिहायला घेतला. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज निकालात काढलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतः अर्ज लिहिला. कुठल्या शब्दाला कारकून अडतो आणि कुठल्या परिच्छेदाला साहेब जांभई देतो, हे त्यांना पाठ होतं. विषय त्यांनी अर्ध्या पानाचा केला, म्हणजे विषय वाचला की अर्ज वाचून होईल. सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे झाले. शेवटी त्यांनी लिहिलं: 'वापसी की गाड़ी का नंबर मेरी गलती से छूटा और ग्यारह आवेदन मैंने बिना पढ़े समाप्त किए.' खाली शेपटीवाली सही.

"हे कशाला?" सुभेदार म्हणाले. "पेन्शनला हात लावतील."

"लावू देत. पण हे वाचल्याशिवाय त्यांना 'प्रकरण समाप्त' लिहिता येणार नाही."

आणि नेमकं तेच झालं. सोमवारी अर्ज दिला. तो ज्या टेबलावर गेला तिथला माणूस शेवटच्या ओळीवर अडला. 'चूक माझी आहे' असं लिहिलेला कागद त्या इमारतीत आजवर कोणी पाहिला नव्हता. त्यावर काय शेरा मारायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्याने तो शेरा न मारता वरच्याकडे पाठवला, वरच्याने कायद्याच्या शाखेकडे, त्यांनी आणखी वर. मध्ये एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला.

"सर, आप पर कोई दबाव तो नहीं है?"

"नहीं."

"तबीयत ठीक है?"

"एकदम ठीक."

"तो फिर ऐसा क्यों लिखा, सर?"

"क्योंकि ऐसा हुआ था."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो अधिकारी म्हणाला, "सर, इसका क्या करें, हमें सचमुच नहीं पता." कोणीच निकाल लावू शकत नसल्याने फाइल चढत चढत सगळ्यात वर पोचली. तिथे बसलेल्या बाईंनी ती पूर्ण वाचली, कारण खालून एकही शेरा आलेला नव्हता. वाचून त्यांनी तीन शब्द लिहिले: 'ठहराव दिया जाए'.

अर्ज दिल्यापासून पाचव्या महिन्यात एका रविवारपासून थांबा सुरू होणार होता. सूर्यकांतराव आणि सुभेदार आदल्या दिवशीच गावात पोचले. सूर्यकांतरावांची मुलगी स्वरूपा पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, मी जन्मले म्हणून एवढा गोंधळ झाला?"

"गोंधळ माझा," ते म्हणाले. "तू फक्त वेळेवर आलीस."

रविवारी तीन वाजताच फलाट भरला. ढोल आला. दोन पाहुणे पहिल्या गाडीने दिल्लीला जाणार आणि गाव त्यांना निरोप देणार, असं ठरलं होतं. तीन चाळीसला इंजिन दिसलं. या वेळी सूर्यकांतरावांनी हात वर केला नाही. खिशात हात घालून ते उभे राहिले. गाडीचा वेग कमी झाला, आणखी कमी झाला, आणि बासणखेडीच्या फलाटाला लागून ती उभी राहिली.

सुभेदार फौजी माणूस. पिशव्या घेऊन ते पाच सेकंदांत डब्यात चढले आणि दारात उभं राहून हात पुढे केला. "चला!"

सूर्यकांतराव निघाले, तेवढ्यात मास्तरांनी पहिला हार घातला. मग सरपंचाने. मग एकामागून एक. कोणी डोक्याला साफा गुंडाळायला घेतला, आणि गुंडाळायचं कापड नऊ हात लांब होतं. धापादादीने त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. तो गिळायच्या आत दुसरा.

"अहो, चढा!" सुभेदार ओरडले. "साफा डब्यात बांधा!"

सूर्यकांतरावांना बोलता येत नव्हतं. हारांमुळे पाऊल दिसत नव्हतं. शिट्टी झाली. गाडी हलली. सुभेदार दारातून हातवारे करत लांब लांब गेले आणि शेवटचा डबा वळणावर दिसेनासा झाला. ढोल थांबला. काय झालं हे सगळ्या गावाच्या एकदम लक्षात आलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "साब! आपकी गाड़ी! हमने ही छुड़वा दी!"

सूर्यकांतरावांनी नाकापर्यंत आलेला साफा वर सरकवला आणि हारांच्या ढिगातून मनगट शोधून घड्याळ बाहेर काढलं. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला.

"अहो, काय हे!" सुभेदार किंचाळत होते. "सगळं गाव चढून बसलं असतं एवढ्या वेळात! माणूस चढत होता, दिसत नव्हतं काय ड्रायव्हरला? चेन ओढू?"

"खबरदार," सूर्यकांतराव म्हणाले. पेढा अजून गालात होता, पण आवाज असा होता की सुभेदारांनी साखळीवरचा हात काढला. "एक मिनिट म्हणजे एक मिनिट. मी पहिल्यापासून सेकंद मोजत होतो. साठाला साठ."

"आणि तुम्ही?"

"मी उद्या येतो," सूर्यकांतराव म्हणाले. "उद्याही थांबणार आहे ती."